हिंजवडीच्या अलीकडे

मुळशी तालुक्यातल्या नांदे गावाच्या उत्तरेला हिंजवडी आणि माण, दक्षिणेला लवळ्याच्या डोंगरावर सिम्बायोसिसचं विद्यापीठ. एका बाजूला पदवी, दुसऱ्या बाजूला नोकरी आणि मध्ये भातखाचरांच्या शेजारी उभ्या राहिलेल्या सोसायट्या. हिंजवडीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क एमआयडीसीनं वसवलं, त्याला पाव शतक झालं. एवढ्या काळात या पट्ट्यात ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला ‘आयटीत आहे’ एवढं उत्तर पुरेसं झालं. टेस्टिंग करतो, सपोर्टला आहे की बेंचवर बसून पुढच्या प्रोजेक्टची वाट पाहतो, हे पुढे कोणी विचारत नाही. साहजिकच बी.ई. कॉम्प किंवा बी.सी.एस. झालेल्या मुलीनं ‘मला सॉफ्टवेअरमध्ये जायचं नाही’ म्हटलं, की घरातून लगेच येतं, ‘मग हे शिकलीस कशाला?’

प्रश्न रास्त आहे. फी भरणाऱ्या आईवडिलांना तो विचारायचा हक्कही आहे. पण तो विचारताना एक गोष्ट विसरली जाते. एके काळी सॉफ्टवेअर हीच आडवाट होती. टाटा कन्सल्टन्सी १९६८मध्ये सुरू झाली तेव्हा या देशात संगणकाचे पदवीधर जवळपास नव्हतेच. पुढची वीस-पंचवीस वर्षं हा धंदा विजेच्या, यंत्रांच्या, रसायनांच्या इंजिनिअरांनी आणि गणिताच्या एम.एस्सी.वाल्यांनी उभा केला. मराठी वाचकाला जवळचं उदाहरण अच्युत गोडबोल्यांचं. आयआयटी मुंबईतून १९७२मध्ये ते केमिकल इंजिनिअर झाले आणि आयुष्याची उमेदीची वर्षं त्यांनी पटणी, सिन्टेल, एल अँड टी इन्फोटेक अशा सॉफ्टवेअर कंपन्यांत काढली. ‘मग केमिकल शिकलात कशाला?’ असं त्यांना कोणी विचारलं असेल तर विचारणाऱ्याचं नाव इतिहासानं जपून ठेवलेलं नाही. त्या पिढीनं दुसऱ्या विषयातून संगणकाकडे स्थलांतर केलं. आता उलट दिशेचा प्रवास सुरू व्हायला हरकत नाही. २०२५च्या जुलैत टीसीएसनं जगभरातले सुमारे १२ हजार, म्हणजे दोन टक्के कर्मचारी कमी करणार असल्याचं जाहीर केलं. त्यानंतर तर हा विषय ‘आवड-निवड’ या सदरातून घरखर्चाच्या वहीत येऊन बसला.

संगणकाच्या पदवीत डीबीएमएस, डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम अशी पेपरांची नावं असतात. परीक्षा झाली की मजकूर विसरतो. काहीजणांच्या अंगात मात्र एक सवय उरते. नियम नेमका कुठे तुटतो ते शोधायची, आणि एकच माहिती दोन जागी लिहिलेली दिसली की अस्वस्थ व्हायची. कारण ती दोन ठिकाणं कधी ना कधी दोन वेगळी उत्तरं देणार, हे त्यांना ठाऊक असतं. ही सवय सॉफ्टवेअर कंपनीबाहेर फार दुर्मीळ आहे, म्हणून तिथे तिला किंमत आहे. अट एकच, आणि या प्रकरणाचा सगळा भार तिच्यावर आहे: दुसरा एक विषय मुळापासून शिकावा लागतो. तोही पाहुण्यासारखा वरवर नाही.

नांद्यात उभं राहून पाहिलं तर असा पहिला विषय पायाखालीच आहे. जमीन.

पुणे जिल्ह्यात जमीन मोजून शेतसारा ठरवण्याचा मोठा प्रयत्न कंपनी सरकारच्या काळात, १८२०च्या दशकात, प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं केला. माणूस हुशार होता. रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाचा खंडाचा सिद्धान्त त्याला मुखोद्गत होता. प्रत्येक शेताचं निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्यावर सारा बसवायचा, अशी त्याची कागदावर निर्दोष दिसणारी पद्धत. पण खालून येणारे आकडेच खोटे होते, आकारणी जड झाली आणि कुळं जमिनी टाकून निघून गेली. मग १८३५-३६च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात नव्यानं सुरुवात केली. सिद्धान्ताला त्यांनी थोडं बाजूला बसवलं आणि माती, पाणी, बाजार, मागची वसुली असं हाताला लागेल ते पाहून सारा ठरवला. त्यांची पद्धत टिकली. ३३ फुटांची साखळी, साखळीचे सोळा आणे, एक साखळी गुणिले एक साखळी म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे सगळं त्याच मोजणीतलं. आजही बांधावरची भांडणं गुंठ्यातच होतात.

संगणकाच्या पदवीधराला मी प्रिंगलची गोष्ट आधी सांगतो. अल्गोरिदम चोख आणि खालचा डेटा खोटा, ही त्याची चूक आपल्याकडच्या निम्म्या ‘ॲग्रीटेक’ कंपन्या आजही इमानेइतबारे करतात.

कोणी म्हणेल, सातबारा तर कधीच ऑनलाइन झाला. खरं आहे. १ मे २०१८पासून डिजिटल सहीचा उतारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणी आली आणि पिकाची नोंद शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून करू लागला. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीला गावठाण ड्रोननं मोजायचा प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२०ला केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाल्यावर गावोगावी ड्रोन उडाले. मग संगणकवाल्यासाठी उरलं काय?

उरलं ते सगळ्यात अवघड. सातबारा ही अक्षरांची नोंद आहे: गाव नमुना सातमध्ये मालकी आणि इतर अधिकार, बारामध्ये पीक. जमिनीचा आकार नकाशात आहे. नकाशामागे जुनी टिपणं आहेत, म्हणजे मोजणीच्या वेळी हातानं काढलेल्या आकृत्या आणि त्यांवर साखळी-आण्यांतली मापं. १९४७च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. पुढे वाटण्या झाल्या, पोटहिस्से पडले, फेरफार झाले. उताऱ्यावर वाटणी झाली की नकाशावरही झाली, असं मुळीच नाही. चार भावांची नावं सातबाऱ्यावर, आणि गटनकाशात एकच आखीव तुकडा, ही मुळशीत काय किंवा मराठवाड्यात काय, नेहमीची स्थिती. पोटहिस्स्यांची बेरीज केली तर ती गटाच्या क्षेत्राशी जुळेलच याचीही खात्री नाही. म्हणजे एकच माहिती दोन जागी लिहिलेली, आणि दोन्हींची उत्तरं वेगळी. डीबीएमएसच्या पेपरात हेच टाळायला शिकवतात. फरक इतकाच की इथे एक रो डिलीट केली तर एक कुटुंब कोर्टात जातं.

या कामाला टिपण वाचता येणारा, आकारफोड (साऱ्याची विभागणी) आणि फाळणी (जमिनीची विभागणी) यांतला फरक कळणारा आणि शिवाय भू-माहिती प्रणाली, म्हणजे जीआयएस हाताळणारा माणूस लागतो. पहिल्या दोन गोष्टी येणारे निवृत्त होत चालले आहेत आणि तिसरी येणाऱ्याला पहिल्या दोन येत नाहीत. मोकळी जागा आहे ती इथे. पण दार कुठलं, हे नीट पाहायला हवं. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक व्हायला स्थापत्यची पदविका किंवा सर्व्हेअरचा आयटीआय लागतो, संगणकाच्या पदवीवर तिथे प्रवेश नाही. तलाठी, म्हणजे आताचा ग्राम महसूल अधिकारी, कोणत्याही शाखेचा पदवीधर होऊ शकतो, मात्र २०२३च्या भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले होते, हेही लक्षात असू द्या. शहाणा मार्ग जिओइन्फर्मॅटिक्सच्या एम.एस्सी.चा. सिम्बायोसिसची त्या विषयाची वेगळी संस्था पुण्यात मॉडेल कॉलनीत आहे. राज्य पातळीवर नागपूरचं सुदूर संवेदन केंद्र आहे, आणि मोजणी व नकाशांची कंत्राटं घेणाऱ्या खासगी कंपन्या पुण्यात बऱ्याच आहेत. ड्रोन चालवण्याच्या परवान्याला २०२१च्या नियमांप्रमाणे दहावी पास, अठरा वर्षं पूर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण एवढं पुरतं. त्यामुळे नुसतं ‘मी ड्रोन उडवतो’ हे करिअर नव्हे. उडवून आणलेल्या चित्रांचा नकाशा करून तो टिपणाशी ताडून पाहणं हे करिअर.

जमिनीनंतर आभाळ. २५ जुलै २०२४ला सकाळी पुण्यात एकतानगरीतले लोक पाण्यातून बाहेर काढावे लागले. आदल्या चोवीस तासांत शिवाजीनगरला ११४ मिलिमीटर पाऊस झाला होता आणि ताम्हिणी घाटात ५५६. दोन्ही ठिकाणांतलं हवाई अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. आता संगणकावरचं हवामानाचं प्रारूप काय करतं ते पाहा. ते पृथ्वीचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनाला एकच तापमान, एकच आर्द्रता, एकच वारा देऊन पुढचं गणित मांडतं. चौकोन बारा किलोमीटरचा असेल तर ताम्हिणी ते शिवाजीनगर चार चौकोनांत उरकतं. सह्याद्रीची धार, मुळशीचं धरण, लवळ्याची टेकडी, सगळं त्या चारांत मुरवायचं. मे २०२५मध्ये भारत फोरकास्ट सिस्टिम वापरात आली आणि चौकोन सहा किलोमीटरवर आला. हे काम पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतलं, म्हणजे आयआयटीएममधलं. नांद्याहून सूसमार्गे गेलं तर वाटेतच.

चौकोनाची बाजू निम्मी केली की त्याच जागेत चौकोन चौपट होतात. शिवाय गणित फसू नये म्हणून काळाची पावलंही लहान टाकावी लागतात, म्हणून काम आठपटीच्या घरात जातं. यासाठी महासंगणक लागतो. आयआयटीएममध्ये २०१८मध्ये चार पेटाफ्लॉपचा ‘प्रत्युष’ आला आणि २०२४च्या सप्टेंबरात ११.७७ पेटाफ्लॉपचा ‘अर्का’. पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतक्या आकडेमोडी. असं यंत्र विकत आणणं सोपं. हजारो प्रोसेसरांना काम असं वाटून देणं, की कोणी शेजाऱ्याच्या उत्तरासाठी ताटकळत बसणार नाही, हे अवघड, आणि ते संगणकशास्त्राच्या माणसाचं काम आहे.

इथे आलेल्या नव्या पदवीधराला दोन धक्के बसतात. पहिला, प्रारूपं फोरट्रानमध्ये लिहिलेली असतात. कॉलेजात ज्या भाषेची थट्टा केली तिच्यात लाखो ओळी समोर येतात. दुसरा धक्का जास्त खोल. कोड बरोबर चालतो, कुठे एरर नाही, आणि पाऊस मात्र चुकीच्या जागी पडतो. चूक कोडात नसते, ढगाच्या भौतिकशास्त्राच्या मांडणीत असते. सहा किलोमीटरच्या चौकोनात मावणार नाही असा ढग अंदाजानंच धरावा लागतो, आणि तो अंदाज कसा धरायचा हे हवामानशास्त्रज्ञ सांगणार. त्याच्याशी बोलण्याइतकी ऊष्मागतिकी तुम्हाला यायला हवी. शिकायची तयारी नसेल तर तुम्ही तिथे सर्व्हर सांभाळणारे म्हणून राहाल. त्या कामात कमीपणा नाही, पण मग हिंजवडी काय वाईट होती?

अशाच जातीची कामं नारायणगावजवळच्या खोडदला आहेत. तिथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या मिळून एक रेडिओ दुर्बीण होते आणि त्यांच्या संकेतांची सांगड संगणक घालतो. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेलाही पुढे अशी माणसं लागतील.

तिसरा विषय कोर्टाचा, आणि मला विचाराल तर पुढच्या दहा वर्षांत सगळ्यात जास्त माणसं कमी पडणार आहेत ती इथे.

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम व्यवहारांच्या यंत्रणेत चोरांनी स्वतःचा एक खोटा दुवा बसवला होता. एटीएमकडून ‘पैसे देऊ का?’ ही विचारणा बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत जायच्याऐवजी या दुव्याकडे जाई आणि तो बेधडक ‘दे’ म्हणे. बनावट कार्डांनी २८ देशांतून काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले, अडीच कोटी भारतातल्या एटीएममधून. सोमवारी, १३ तारखेला, आणखी जवळपास १४ कोटी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय प्रणालीतून हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी. कोडाची करामत परदेशातून झाली. पुणे पोलिसांच्या हाती लागले ते मात्र एटीएमवर उभं राहून नोटा काढणारे, सीसीटीव्हीत दिसलेले इथलेच लोक. २०२३मध्ये पुण्याच्या न्यायालयानं अकरा जणांना दोषी ठरवलं. असा खटला उभा राहतो सर्व्हरचा लॉग, कॅमेऱ्याचं चित्रण आणि मोबाइलची नोंद यांवर. यातली प्रत्येक वस्तू कॉपी करता येते, बदलता येते. मग न्यायाधीशानं ती खरी कशावरून मानायची?

या प्रश्नाचा देशाला लागू झालेला निकाल जालन्याच्या एका निवडणुकीतून आला आहे. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. उमेदवारी अर्ज भरायची मुदत दुपारी तीनला संपली आणि खोतकरांचे अर्ज त्यानंतर घेतले गेले, असा दावा करत कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. पुरावा होता तो निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या कॅमेऱ्यांचा. चित्रणाच्या प्रती मिळाल्या, पण पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणे लागणारं प्रमाणपत्र, म्हणजे ही प्रत अमुक यंत्रातून अशी निघाली असं लिहून दिलेला कागद, पुन्हा पुन्हा मागूनही अधिकाऱ्यांनी दिला नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं २०१७मध्ये साक्षीवर भिस्त ठेवून निवडणूक रद्द ठरवली. १४ जुलै २०२०ला सर्वोच्च न्यायालयानं खोतकरांचं अपील फेटाळलं, पण कायदा स्पष्ट करून ठेवला: प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र हवंच. पक्षकारानं हातपाय मारूनही ते मिळालं नाही, तरच वेगळा विचार. घड्याळाच्या काही मिनिटांचा वाद, आणि त्यातून निघालेला नियम आज देशातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप चॅटला लागू आहे.

१ जुलै २०२४पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्राचे दोन भाग झाले. एक पक्षकारानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि दोन्हींत फाइलचं हॅश मूल्य लिहायचं. हॅश म्हणजे फाइलमधल्या सगळ्या अक्षरांवर ठरावीक गणित करून काढलेली एक लांबलचक संख्या. तासाभराच्या चित्रणात एक बिंदू बदलला तरी ती पार वेगळी येते. संगणकाच्या विद्यार्थ्यानं हे तिसऱ्या वर्षी शिकलेलं असतं आणि परीक्षेत पाच मार्कांना लिहिलेलं असतं. आता त्या पाच मार्कांवर माणूस सुटतो किंवा आत जातो. त्यातच जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६नं सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं टप्प्याटप्प्यानं बंधनकारक केलं आहे. एवढे तज्ज्ञ आणायचे कुठून?

मार्ग दोन. एक प्रयोगशाळेचा: राज्याच्या न्यायसहायक विज्ञान प्रयोगशाळा मुंबईत कलिन्याला, पुण्याला, नागपूरला आणि इतरत्र आहेत. न्यायवैद्यक शास्त्राच्या शासकीय संस्था मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. सीडॅकचा सायबर सुरक्षेचा सहा महिन्यांचा पदविका अभ्यासक्रमही आहे. पुण्यात ‘सीडॅक केलं’ म्हटलं की लोक प्रोग्रॅमिंगचाच कोर्स समजतात, पण हाही त्याच छपराखालचा. दुसरा मार्ग काळ्या कोटाचा: सीईटी देऊन तीन वर्षांचं एल.एल.बी. तालुका न्यायालयात लॉग फाइल वाचता येणारा वकील आज हाताच्या बोटांवर मोजावा लागतो. पण पाठ केलेल्या हॅशच्या व्याख्येवर तिथे निभाव लागत नाही. ‘जप्ती पाचला झाली, मग हॅश सातला का काढलात? मधले दोन तास मोबाइल कोणाकडे होता?’ असं उलटतपासणीत विचारलं जातं, आणि त्याचं उत्तर कुठल्याही टूलमध्ये नसतं. ते पंचनाम्यात असतं. पंचनामा लिहायला पोलीस ठाण्यात बसून शिकावं लागतं.

याच कोर्टाच्या शेजारची एक शांत गल्ली पेटंटची. विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी आणि पेटंट एजंटची परीक्षा एवढ्यावर इथे प्रवेश मिळतो, वकिलीची सनद लागत नाही. आपल्या कायद्याचं कलम ३(के) नुसत्या संगणक प्रोग्रॅमला पेटंट देत नाही. म्हणूनच शोधात प्रोग्रॅमपलीकडचं काय आहे हे नेमक्या शब्दांत मांडणाऱ्याला मागणी आहे. लिहायची आवड असलेल्यांनी जरूर पाहावं. ज्यांना एकाच वाक्यावर तासभर बसवत नाही त्यांनी लांब राहावं.

भाषेचं काम त्याहूनही सावकाश चालतं. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या ऐतिहासिक महाकोशाचं काम १९४८मध्ये सुरू झालं. सुमारे पंधराशे ग्रंथांमधून शब्द टिपून एक कोटीच्या घरात चिठ्ठ्या तयार झाल्या आणि पहिला खंड निघाला १९७६ साली. सॉफ्टवेअरमध्ये दोन आठवड्यांचे ‘स्प्रिंट’ मोजणाऱ्याला हे वाचून घेरी येईल. पण त्या चिठ्ठ्या म्हणजे हातानं बांधलेला डेटाबेसच आहे. जेरार ह्युए या फ्रेंच संगणकशास्त्रज्ञानं गणिती सिद्धता तपासणाऱ्या प्रणालींवर नाव कमावलं आणि मग संस्कृतचे संधी संगणकाकडून सोडवून घेण्यात उरलेली वर्षं घातली. मराठीत आयआयटी मुंबईनं ‘शब्दबंध’ हे वर्डनेट, म्हणजे शब्दांना अर्थानं जोडणारं जाळं, उभं केलं आहे, पण करायचं अजून पुष्कळ बाकी आहे. आपल्याकडे ‘घोडा’ शोधणाऱ्याला ‘घोड्यावरून’ सापडायला हवा. त्यासाठी सामान्यरूपांचे नियम कोणीतरी यंत्राला सांगावे लागतात किंवा ते शिकण्याइतका स्वच्छ मजकूर पुरवावा लागतो. पगार बेताचे आणि प्रकल्प मुदतीचे. ज्याला व्याकरणाची खरोखर ओढ आहे त्यानंच इकडे वळावं, ‘एआयमध्ये जायचा सोपा जिना’ म्हणून नव्हे.

शिकवण्याबद्दल बोलताना सोलापूर जिल्ह्याला जावं लागतं. रणजितसिंह डिसले यांना आयटी इंजिनिअर व्हायचं होतं. इंजिनिअरिंग जमलं नाही, वडिलांच्या सांगण्यावरून ते डी.एड.ला गेले आणि २००९मध्ये माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून त्यामागे कविता, चित्रफिती, प्रश्न ठेवायची कल्पना त्यांनी तिथे राबवली. राज्याच्या पुस्तकांत ती पुढे आली, आणि २०२०मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. ते संगणकाचे पदवीधर नाहीत, तरी मी त्यांना या प्रकरणात घेतलं. क्यूआर कोड तयार करणं हे दहा मिनिटांचं काम आहे. कोणत्या धड्यापाशी मूल अडतं हे कळायला वर्गात वर्षं काढावी लागतात. पदवीधराकडे पहिली गोष्ट असते आणि त्याला वाटतं तीच पुरेशी आहे. शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात उलटा प्रवास, म्हणजे यंत्रं शिकणाऱ्यांकडे खेड्यात आलेली, पाहता येतो. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३मध्ये तो सुरू केला आणि २००२च्या सुमाराला, अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या आराखड्यावरून वस्तू घडवायची कार्यशाळा, तिथे, खेड्यात, उभी राहिली.

सरकारी परीक्षांबद्दल थोडक्यात, कारण त्यांवर क्लासवाले भरपूर बोलतात. बँकांच्या आयबीपीएस परीक्षेत आयटी अधिकाऱ्यांची वेगळी पदं असतात. इस्रो संगणकशास्त्राच्या इंजिनिअरांची शास्त्रज्ञ म्हणून भरती करते. सैन्यदलांच्या तांत्रिक शाखा संगणकाचे इंजिनिअर घेतात. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत स्थापत्य, विद्युत, यांत्रिकी हे वैकल्पिक विषय आहेत, संगणकशास्त्र नाही. दरवर्षी हजारो संगणक इंजिनिअर ती परीक्षा देतात आणि समाजशास्त्र किंवा भूगोल नव्यानं शिकतात. दुसरा विषय शिकण्याची सक्ती आयोगानं आधीच करून ठेवली आहे, असंही म्हणता येईल.

राहिला पैसा. संशोधन संस्थेत ज्युनिअर रिसर्च फेलोला २०२३पासून महिना ३७ हजार रुपये आणि वर घरभाडं मिळतं. आयटीतला फ्रेशर सुरुवातीला याच्या आसपास असतो, पण पाच वर्षांत त्याचा पगार खूप पुढे जातो, तुमचा नाही. वकिलीत पहिली तीन-चार वर्षं सीनिअर जे देतील ते. जीआयएसच्या खासगी कंपनीत सुरुवात आयटीपेक्षा कमीच. घरावर शैक्षणिक कर्ज असेल तर आधी दोन वर्षं हिंजवडीत काढून ते फेडण्यात काही गैर नाही. त्या दोन वर्षांत शनिवार-रविवारी काय करता, हे मात्र पाहायला हवं. तालुक्याच्या ठिकाणी, पौडच्या भूमी अभिलेख कार्यालयात आपल्याच गटाच्या नकाशाची नक्कल मागून ती घरच्या सातबाऱ्याशी ताडून बघा. त्यात रस वाटला तर तो विषय तुमचा, कंटाळा आला तर नाही. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात खुल्या कोर्टात बसून उलटतपासणी ऐकायला पैसे पडत नाहीत.

पुढे एम.टेक. किंवा संशोधनाकडे वळायचं असेल तर गेट परीक्षा शेवटच्या वर्षाला असतानाच देऊन टाकावी. २०२२पासून तिच्यात जिओमॅटिक्सचा आणि २०२४पासून डेटा सायन्स व एआयचा स्वतंत्र पेपर आहे. परीक्षा फेब्रुवारीत असते आणि अर्ज आदल्या ऑगस्टच्या शेवटी-सप्टेंबरात निघतात. मिळालेले गुण तीन वर्षं चालतात, त्यामुळे कॅम्पसमधली नोकरी नाकारायची घाई करण्याचं कारण नाही.